उन्हातली धाव आणि सोबती

श्रोतेहो, चांदा शहर कसे वसले याची दंतकथा आपल्यापैकी पुष्कळांनी घरातल्या वडीलमाणसांच्या तोंडून ऐकली असेल. खांडक्या बल्लाळशहा हा गोंड राजा एकदा झरपटीच्या काठी शिकारीला गेला. तिथे त्याच्या दृष्टीस एक विपरीत प्रकार पडला. कुत्र्याने सशाच्या मागे लागायचे, हा जगाचा नियम. पण इथे ससाच कुत्र्याच्या मागे लागलेला! पुढे कुत्रा, मागे ससा, आणि दोघेही माळावर भले मोठे रिंगण घालीत धावताहेत. राजाने घरी येऊन राणीला हे सांगितले. राणी शहाणी होती. ज्या भूमीवर सशाला एवढे बळ येते ती भूमी साधी नव्हे, हे तिने ओळखले आणि ज्या वाटेने ती धाव झाली त्याच वाटेने तट बांधून आत शहर वसवावे, असा सल्ला दिला.

आता ही दंतकथा झाली, इतिहास नव्हे. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने दोन्हींची गल्लत करू नये. तट मात्र खरा आहे. बल्लाळशहाच्या वंशजांनी तो पुरा केला आणि जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अंचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे आजही उभे आहेत. आमच्या गावाची हद्द कोणी दोरी लावून नव्हे, तर धावून आखली, असे आमची दंतकथा सांगते. मला या गोष्टीचा थोडा अभिमान वाटतो, तो आपण क्षम्य मानावा.

याचे कारण असे की, मीही या तटाच्या कडेने धावतो. दर रविवारी पहाटे आम्ही पाच जण निघतो. एक कोळशाच्या खाणीतले फोरमन, एक एस. टी.च्या आगारातले मेकॅनिक, एक औषधांचे दुकानदार, मूलच्या बाजूच्या एका खेड्यातले प्राथमिक शिक्षक आणि पाचवा मी. शिक्षकांना आम्ही सगळे नुसते 'मास्तर' म्हणतो. आमच्या मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच नाही. तटाकडेने वाट आहे तिथे वाटेने, नाही तिथे गल्लीबोळातून धावायचे आणि शेवटी चहा प्यायचा, एवढेच.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाचही जण एका मोठ्या शहराच्या मॅरेथॉन शर्यतीला गेलो होतो. त्या दिवशी जे घडले ते मला आज सांगावयाचे आहे. पण त्यासाठी आधी थोडे मागे गेले पाहिजे.

मॅरेथॉन हे ग्रीस देशातल्या एका मैदानाचे नाव. इसवी सनापूर्वी ४९० साली तिथे अथेन्सच्या लोकांनी इराणी फौजेचा पराभव केला. विजयाची वार्ता घेऊन एक जासूद अथेन्सपर्यंत धावत गेला, 'जिंकलो' एवढे बोलला आणि कोसळून मेला, अशी कथा आहे. गंमत अशी की, त्या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या हेरोडोटसला या मृत्यूची काही खबर नाही. तो सांगतो ती धाव वेगळी, मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टाला गेलेल्या जासुदाची. धावत येऊन मरणारा जासूद पुढे पाचसहाशे वर्षांनी ग्रंथांत शिरला. तरीही १८९६ साली अथेन्सला नवे ऑलिंपिक सुरू झाले तेव्हा शर्यत बसवली गेली ती याच कथेवर. म्हणजे पाहा, या शर्यतीच्या जन्मातच धावून मरण्याचे कौतुक आहे. माझ्या मते पुढचे पुष्कळसे अनर्थ त्या कौतुकातूनच झाले.

१९०४ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे ऑलिंपिक भरले. मॅरेथॉन सुटली ती ऑगस्टच्या अखेरीस, भर दुपारी. पारा बत्तीस अंशांवर. रस्ते मातीचे, पुढे मोटारी आणि घोडेस्वार, मागे धुळीचे लोट, आणि सगळ्या वाटेवर पाण्याची सोय जेमतेम एकदोन ठिकाणी. पाणी तोडले तर माणूस कसा धावतो हे पाहण्याची आयोजकांना हौस होती असे सांगतात. निघाले बत्तीस, पोचले चौदा. एक जण धुळीने पोटात रक्तस्राव होऊन मरता मरता वाचला. ज्याला पहिला ठरवले त्या थॉमस हिक्सने पाणी मागितले, तर त्याच्या मदतनिसांनी त्याला दिले काय? अंड्याचा बलक काढून उरलेला पांढरा भाग, ब्रँडी आणि कुचल्याचे विष. त्या काळी हे विष थोड्या मात्रेत उत्तेजक म्हणून देत.

आठ वर्षांनी, १९१२ साली, स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात. थंड देश म्हणून नावाजलेला, पण १४ जुलैचा तो दिवस कडक उन्हाचा निघाला. अडुसष्ट धावक निघाले आणि त्यांतले निम्मे वाटेत गळाले. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा तरुण सुतार. ऊन लागू नये म्हणून त्याने अंगाला चरबी की मेण असे काहीसे चोपडले होते. त्यामुळे घामाची वाटच बंद झाली. तो रस्त्यात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. आधुनिक ऑलिंपिकमध्ये शर्यतीपायी मेलेला हा पहिला माणूस.

त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी होता. बोटीने आणि सैबेरियाच्या रेल्वेने अठरा दिवस प्रवास करून तो आला होता. वाटेत त्याला भोवळ आली. एका कुटुंबाने त्याला बागेत नेले, प्यायला दिले, विश्रांती दिली. शरमेमुळे तो कोणाला न सांगता मायदेशी निघून गेला आणि स्वीडनच्या दप्तरात तो बेपत्ताच राहिला. १९६७ साली स्वीडिश लोकांनी त्याला पुन्हा बोलावले आणि पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याने आपली शर्यत पुरी केली. वेळ नोंदली गेली चौपन्न वर्षे, आठ महिने, सहा दिवस आणि वर काही तास. ही गोष्ट ऐकून मुले खूप हसतात. हसावे, पण ज्या घराने त्याला सावलीत नेले त्या घरामुळे तो हसण्याइतका जगला, आणि लाझारोला तसे घर भेटले नाही.

मला अधिक सांगायचे आहे ते पहिल्या दोघांविषयी. केन मॅकआर्थर आणि ख्रिश्चन गिटशॅम. दोघेही दक्षिण आफ्रिकेचे, एकाच संघातले सोबती. शेवटच्या टप्प्यात दोघेच पुढे उरले होते. शेवट दोनतीन मैलांवर आला तेव्हा गिटशॅम पाणी प्यायला थांबला. सोबती आपल्यासाठी थांबेल, असा त्याचा समज होता. दोघांत तसे ठरले होते असेही सांगतात. मॅकआर्थर थांबला नाही. तो तसाच पुढे गेला आणि सुवर्णपदक जिंकला. गिटशॅम त्याच्यामागून मिनिटभरात आला. सगळा फरक त्या पाण्याच्या घोटाचा. नियमाप्रमाणे मॅकआर्थरने काही गैर केले नाही. शर्यत म्हणजे शर्यत. ही गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे, आणि प्रत्येक वर्षी वर्गाचे दोन तट पडतात.

आपली माणसे या शर्यतीत कधी आली, तेही ऐका. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. तिथल्या क्रीडास्पर्धांत खेड्यापाड्यांतली शेतकऱ्यांची मुले अनवाणी लांबच्या शर्यती धावताना त्यांनी पाहिली आणि ही मुले युरोपच्या धावकांना फारशी मागे नाहीत हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून १९२० साली बेल्जममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी चमू गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे त्यात मॅरेथॉनसाठी होते. ती शर्यत नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती आणि हवा उन्हाची नव्हे तर गार पावसाळी होती. आपल्या माणसांना ऊन सोसते, पण तो गारठा! तरी चौगुले दोन तास पन्नास मिनिटांत पोचले आणि एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. त्या चमूत कैकाडी, नवले, शिंदे अशी आणखीही मराठी नावे होती. आमच्या क्रमिक पुस्तकांत यांतले एकही नाव मला भेटले नव्हते.

१९५४ साली कॅनडात व्हँकुव्हर येथे इंग्लंडचा जिम पीटर्स मैदानात शिरला तेव्हा दुसरा धावक सुमारे सतरा मिनिटे मागे होता. नुसते चालत गेला असता तरी जिंकला असता. पण उन्हाने त्याचे भान गेले होते. पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. दोनशे मीटरला अकरा मिनिटे लागली, आणि शेवटी तो पोचलाच नाही. त्यानंतर त्याने शर्यत सोडली ती कायमची. त्या काळी नियमच असा होता की, पहिल्या काही मैलांत धावकाला काही प्यायला द्यायचे नाही. पाणी पिणे म्हणजे दुबळेपणा, असे शहाणे लोकही मानीत. हा समज जायला १९७० च्या पुढचा काळ यावा लागला.

अलीकडे पाहाल तर २०१९ साली कतार देशात दोहा येथे बायकांची जागतिक मॅरेथॉन मध्यरात्री सोडली. तरी बत्तीस अंश आणि हवेत दमटपणा. अडुसष्ट निघाल्या, चाळीस पोचल्या. टोकियोच्या ऑलिंपिकची मॅरेथॉन उन्हाच्या भीतीने उत्तरेला साप्पोरोला नेली आणि २०२१ साली ती तिथे झाली. आपल्याकडे २००४ साली सुरू झालेली मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत होते. म्हणजे सव्वाशे वर्षांनी जगाला एवढे कळले की, उन्हाशी कुस्ती खेळायची नसते, त्याची वेळ चुकवायची असते.

हे कळायला आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला ऑलिंपिक लागत नाही. मे महिन्यात गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपानाला जाणारी माणसे पाहा. कोंबडा आरवण्याच्या आधी निघतात, दहाच्या सुमारास परततात, आणि मग दुपारभर सावलीत बसून पुडे बांधतात. संध्याकाळी फळीवर नेऊन देतात. मोहफुलांचेही तसेच, वेचणी पहाटेची. नवतप्याच्या दिवसांत, पारा पंचेचाळिसाच्या वर असताना, भर दुपारी डोक्याला शेला न गुंडाळता कोणी चालेल तर गावकरी त्याला वेड्यात काढतील. भांड्यात आंबील असते, भोपळ्याच्या तुंबीत पाणी असते. आणि मुख्य म्हणजे एकटे कोणी जात नाही. वाघाचे भय आहेच. झाडीत पांगले म्हणजे माणसे थोड्या थोड्या वेळाने एकमेकांना हाळी देतात. हाळीला ओ आली नाही की हातातले काम टाकून त्या दिशेने निघायचे. यात कोणाला मोठेपणा वाटत नाही.

जुन्या काळचे डाकेचे हरकारेही असेच. भाल्याला घुंगरू, खांद्यावर थैली. रेल्वे नव्हती तिथे जंगलातून टपाल त्यांच्या पायांवर चाले. पण एकच माणूस शेवटपर्यंत धावत नसे. काही मैलांवर चौकी, तिथे दुसरा ताज्या दमाचा गडी उभा. थैली त्याच्या हाती, आणि पहिला सावलीला. रानटी मुलखात रात्री सोबतीला मशालजी आणि ढोलवाला असे. कोणी धावून मेल्याने वार्ता लवकर पोचत नाही, हे त्या खात्याला पक्के ठाऊक होते. अथेन्सच्या कवींना ते ठाऊक नव्हते.

उन्हात शरीराचे काय होते, तेही थोडक्यात सांगतो. शिक्षकमंडळींना उपयोगी पडेल. धावताना अंगात बसल्या माणसाच्या दहापट आणि त्याहूनही अधिक उष्णता तयार होते. ती बाहेर नेतो घाम. पण नुसता गळणारा नव्हे, तर सुकणारा. मुंबईच्या दमट हवेत घाम सुकतच नाही, म्हणून तिथे तीस अंशही जाच करतात. चांद्याच्या कोरड्या उन्हात उलट फसगत होते; घाम निघताक्षणी सुकतो, अंग कोरडे दिसते आणि आपल्यातले किती पाणी गेले ते कळत नाही. उन्हाची सवय शरीराला दहा ते चौदा दिवसांत लागते, आणि सोडली की काही आठवड्यांत जाते. पाणी प्यावे, पण तहानेच्या मानाने. घागरभर नुसते पाणी ढोसले तर रक्तातले मीठ उतरते आणि तेही जिवावर बेतते. आणि ऊन डोक्यात चढल्याची पहिली खूण म्हणजे माणूस असंबद्ध बोलू लागतो. ही खूण मला पुस्तकातून पाठ होती.

आता आमच्या शर्यतीकडे येतो. फेब्रुवारीचा शेवट होता. शर्यत सकाळी सहाला सुटायची होती. पाहुणे यायचे होते, त्यांची गाडी आली नव्हती, भाषणे व्हायची होती. सुटता सुटता सव्वासात वाजले. श्रोतेहो, सव्वा तास म्हणजे फार नाही. पण हिशेब करा, शेवटचे दहा किलोमीटर आता अकराच्या उन्हात आले. डांबर तापले होते. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे पाण्याची टेबले होती, वरचे पिंप मात्र रिकामे.

मास्तर आणि मी बरोबर धावत होतो. फोरमन पुढे निघून गेले होते, मेकॅनिक आणि दुकानदार मागे होते. चौतिसाव्या किलोमीटरच्या आसपास मास्तरांची चाल मंदावली. मी विचारले, ''काहून मास्तर, बरं आहे ना जी?''

ते म्हणाले, ''तुम्ही व्हा समोर, सर. मी येतो मागून.''

आणि थोडे थांबून म्हणाले, ''सर, हजेरी झाली का?''

मला वाटले, थट्टा करताहेत. मी हसलो. वेळ चांगली लागत होती; साडेचार तासांच्या आत येण्याचे मी वर्षभर मनाशी धरले होते. मी पुढे गेलो.

शेवटच्या रेषेपाशी गळ्यात पदक पडले तेव्हा घड्याळात चार तास सव्वीस मिनिटे झाली होती. फोरमन भेटले. आम्ही दोघे वाट पाहत उभे राहिलो. अर्धा तास गेला, तास गेला. मग मेकॅनिकचा फोन आला तो इस्पितळातून.

झाले होते असे. मास्तर शर्यतीची वाट सोडून एका आडव्या गल्लीत वळले होते. मागून येणाऱ्या मेकॅनिकने त्यांना पाहून हाक मारली. ओ आली नाही. दुसऱ्यांदा मारली, तरी नाही. तेव्हा तोही गल्लीत शिरला. मास्तर भिंतीला धरून उभे होते, अंग तापलेल्या तव्यासारखे, डोळे भलतीकडेच. तेवढ्यात दुकानदार आले. कोपऱ्यावर रसवंती होती. रसवंतीवाल्याने काही न विचारता बाकडे मोकळे केले, बर्फाची लादी फोडून दिली आणि उसाचे चोयटे धुवायचे पाणी होते तेवढे सगळे अंगावर ओतले. मानेला, काखेत, जांघेत बर्फ धरला. मग रिक्षा करून इस्पितळ. डॉक्टर म्हणाले, आधी गार केले म्हणून हाती लागले. तसेच उचलून आणले असते तर सांगता आले नसते. दोन दिवसांनी मास्तर उठून बसले.

परतीच्या गाडीत कोणी फारसे बोलले नाही. वर्धा गेल्यावर मेकॅनिक खिडकीकडे पाहत एवढेच म्हणाले, ''सर, तुम्ही इतिहास शिकवता ना?'' मी त्यांना गिटशॅमची गोष्ट कधीतरी चहा पिताना सांगितली होती. ती त्यांच्या ध्यानात होती.

मास्तरांनी मला आजवर शब्दाने विचारलेले नाही. मीही विषय काढलेला नाही. आज काढतो आहे तो एका कारणाने. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पहाटे आणि पुष्कळदा सकाळी उशिरापर्यंत रस्त्याच्या कडेने मुले-मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर धावायचे असते, आणि गुणांवर घरादाराचे भवितव्य टांगलेले असते. मुले उपाशी धावतात, दुपारी धावतात, जाड जाकीट चढवून धावतात, का तर घाम गाळला की दम वाढतो. झारखंडात २०२४ साली शिपायांच्या भरतीत उमेदवारांना दहा किलोमीटर धावायला लावले. त्या ऑगस्ट-सप्टेंबरात दहाहून अधिक तरुण दगावले. ती काही ऑलिंपिकला निघालेली मुले नव्हती. गावातल्या शिक्षकांनी एवढे पाहावे की, मुले एकटी धावत नाहीत ना, धावण्याची वेळ कोणती आहे, आणि जवळ पाण्याची घागर आहे की नाही. एखादा मुलगा धावता धावता भलतेच काही बोलला तर त्याला हसू नये. सावलीत आडवा करून पाणी ओतावे, वारा घालावा, आणि मग दवाखान्याची गाडी शोधावी. क्रम हाच.

आम्ही अजून धावतो. आता उन्हाळ्यात साडेचारला जटपुरा गेटपाशी जमतो आणि उजाडून तासभर व्हायच्या आत परत येतो. प्रत्येक दरवाजाशी थांबून नावे पुकारायची, पाचांची ओ आल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे ठरले आहे. ठराव कोणी मांडला नाही, मंडळालाच कागद नाही. मास्तर थंडीत आमच्याबरोबर धावतात. उन्हाळ्यात डॉक्टरांनी मनाई केली आहे, म्हणून ते पठाणपुरा गेटला सायकल टेकवून पाण्याची कळशी आणि गूळ घेऊन बसतात, आणि आम्ही दिसलो की हजेरी घेतात.